आपल्याच नेत्याला जाब कोण विचारणार? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

देशाच्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला जाब विचारायची सोय नेमकी कुठे आहे, यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं. भरपूर आले. बरेचसे एकसारखे होते, त्यातले पाच निवडलेत. मी वीस वर्षं कॉलेजात राज्यघटना शिकवली, त्यामुळे कुठेकुठे जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न (सांगलीहून): अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालवतात, तसा आपल्या पंतप्रधानांवर का चालवता येत नाही? मग त्यांना काढायचं कसं?

आपल्याकडे महाभियोग राष्ट्रपतींसाठी आहे, कलम ६१ मध्ये, आणि तो आजवर एकदाही झालेला नाही. पंतप्रधानांसाठी त्याची गरजच ठेवलेली नाही, कारण कलम ७५ सांगतं की मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. म्हणजे गुन्हा वगैरे काही सिद्ध करायला नको, लोकसभेचा विश्वास गेला की सरकार गेलं. ५० खासदार उभे राहिले तरी अविश्वास ठराव दाखल होतो.

पहिला ठराव ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरूंच्या सरकारवर आणला, चीन युद्धानंतरचे दिवस होते, बाजूने ६२ मतं आणि विरोधात ३४७. पडणार हे सगळ्यांना माहीत होतं तरी आणला. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी मोरारजींच्या सरकारवर आणला आणि मतदान व्हायच्या आधीच मोरारजींनी राजीनामा दिला, कारण त्यांचीच माणसं रोज पक्ष सोडून चालली होती. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी विश्वासदर्शक ठराव एका मताने हरले, २६९ विरुद्ध २७०.

या आकड्यांकडे नीट बघा. विरोधकांनी कितीही आरडाओरडा केला तरी सरकार पडत नाही, सरकारच्या बाजूची माणसं हलली की पडतं. १९७९ मध्ये स्वतःचा पक्ष फुटला, १९९९ मध्ये आघाडीतल्या अण्णा द्रमुकने पाठिंबा काढला. बहुमत पक्कं असेल तर ठरावाचा उपयोग वेगळा असतो. २०२३ मध्ये मणिपूरवरून ठराव आला, तो आवाजी मतदानाने पडला, पण पंतप्रधानांना सभागृहात उभं राहून बोलावं लागलं. मला हे कमी महत्त्वाचं वाटत नाही.

प्रश्न (न्यू जर्सीहून): मी इथे अठरा वर्षं आहे. ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग झाला आणि काहीच झालं नाही. मग या सगळ्याचा उपयोग काय? ऑफिसात लोक यावर बोलणंही टाळतात.

तुमची चिडचिड समजते. गणित असं आहे की खालच्या सभागृहात साध्या बहुमताने आरोप ठेवता येतात, पण सिनेटमध्ये दोषी ठरवायला दोन तृतीयांश लागतात, म्हणजे १०० पैकी ६७. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या विरोधात ५७ मतं पडली, त्यात त्यांच्याच पक्षाचे ७ जण होते. तरी दहा कमी पडली.

आता १९७४ आठवा. वॉटरगेट प्रकरणात अडकलेले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन मतदानापर्यंत गेलेच नाहीत. व्हाइट हाउसमधल्या संभाषणांच्या टेप बाहेर आल्यावर ७ ऑगस्टला त्यांच्याच पक्षाचे तीन ज्येष्ठ नेते, त्यात बॅरी गोल्डवॉटर होते, व्हाइट हाउसला गेले आणि सांगून आले की सिनेटमध्ये तुमच्या मागे आता पुरेशी माणसं नाहीत. दुसऱ्या दिवशी निक्सननी राजीनामा जाहीर केला. घटना तीच, कलमं तीच, ६७ चा आकडाही तोच. फरक एवढाच पडला की तेव्हा पक्षातली माणसं आपल्याच नेत्याच्या दारात जाऊन खरं बोलू शकली.

आज का बोलत नाहीत? कारण बोलणाऱ्याची किंमत वाढलीय. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या पक्षाच्या ज्या १० प्रतिनिधींनी महाभियोगाच्या बाजूने मत दिलं, त्यातले फक्त २ जण २०२२ च्या निवडणुकीनंतर सभागृहात परत आले. चौघे उभेच राहिले नाहीत, चौघांना पक्षांतर्गत निवडणुकीतच मतदारांनी पाडलं. म्हणजे शिक्षा ज्यांनी जाब विचारला त्यांना झाली, आणि ती दिली त्यांच्याच मतदारांनी. याबद्दल एकट्या नेत्यांना दोष देऊन भागत नाही असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (नाशिकहून): म्हणजे जगात कुठेच हे जमत नाही का? निराश व्हायला होतं.

जमतं. दक्षिण कोरियाचं बघा, अगदी अलीकडचं आहे. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून यांनी अचानक लष्करी कायदा जाहीर केला. सैनिक संसदेत घुसत होते, खासदार कुंपणावरून उड्या मारून आत पोचले, आणि मध्यरात्रीनंतर १९० जणांनी एकमताने तो कायदा उठवायचा ठराव केला. त्यात यून यांच्याच पक्षाचेही काही होते.

पण पुढचं सोपं नव्हतं. महाभियोगाला ३०० पैकी २०० मतं हवी होती आणि विरोधी बाकांवर मिळून होते १९२. ७ डिसेंबरला सत्ताधारी पक्षाचे जवळपास सगळे सभागृहातून उठून गेले आणि ठराव कोसळला. बाहेर कडाक्याच्या थंडीत लाखो लोक, कॉलेजची पोरं हातात लाइटस्टिक घेऊन. एका आठवड्याने पुन्हा मतदान झालं आणि २०४ मतं पडली, म्हणजे किमान १२ मतं सत्ताधारी बाकांवरून आली. ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाच्या आठही न्यायमूर्तींनी एकमताने त्यांना पदावरून काढलं.

तो समाज काही एकजीव नाहीये बरं का, यून यांच्या बाजूनेही प्रचंड मोर्चे निघत होते. पण तिथे महाभियोगाचं मतदान गुप्त असतं. कोणी कसं मत दिलं हे पक्षाला कळत नाही. मला वाटतं त्या बारा जणांना या गोष्टीचा आधार नक्की वाटला असणार.

प्रश्न (पुण्याहून): आमचे खासदार खाजगीत सगळं मान्य करतात, सभागृहात मात्र गप्प. पक्षांतरबंदीमुळे त्यांना बोलताच येत नाही म्हणतात. खरंय का?

अर्धं खरं आहे, आणि मला सगळ्यात जास्त याच प्रश्नावर बोलायचंय.

आधी एक जुनी गोष्ट. १९५७ साली एलआयसी नुकतीच स्थापन झालेली, तिने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. हे लोकसभेत कोणी काढलं? फिरोज गांधींनी. म्हणजे सत्ताधारी काँग्रेसचे खासदार आणि पंतप्रधानांचे सख्खे जावई. सरकारला चौकशी नेमावी लागली, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत लोकांसमोर उघड सुनावणी घेतली, महिन्याभरात अहवाल दिला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. सरकार पडलं नाही. नेहरूंचं बहुमतही हललं नाही. तरी जाब विचारला गेला.

मग १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती आली, घटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजेच पक्षांतरबंदी. आयाराम-गयाराम थांबवायला हा कायदा हवा होता हे मी आजही म्हणेन. पण त्यात व्हिपविरुद्ध, म्हणजे मतदानाबद्दलच्या पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं तरी खासदारकी जाऊ शकते, मग विषय सरकार टिकण्याचा असो की कुठलं साधं विधेयक असो. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सांगितलं होतं की अपात्रता विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती ठेवा. झालं नाही, कारण कुठल्याच पक्षाच्या नेतृत्वाला तो चाबूक हातातून सोडायचा नसतो.

शिवाय ज्यासाठी हा कायदा केला ते तरी थांबलं का, हे महाराष्ट्राला कोणी सांगायची गरज नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की व्हिप नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही, आणि राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणंही बरोबर नव्हतं, पण उद्धव ठाकरेंनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे ते सरकार परत आणता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे गेला, तो जानेवारी २०२४ मध्ये आला, आणि दोन्ही गटांतलं कोणीच अपात्र झालं नाही. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, पण दीड वर्ष लागणं आणि निर्णय अशा माणसाकडे असणं जो स्वतः एका पक्षाकडून निवडून आलाय, हे दोन्ही बदलायलाच हवं.

आता तुमच्या खासदारांबद्दल. व्हिप मतदानाला लागतो. प्रश्न विचारायला लागत नाही. तारांकित प्रश्न, शून्य प्रहर, स्थायी समितीची बैठक, हे सगळं सत्ताधारी खासदारालाही मोकळं आहे. हां, भीती अगदीच खोटी नाही, कारण गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की राजीनामा न देताही वागण्यावरून पक्ष सोडल्याचं ठरवता येतं. पण रस्त्याच्या कंत्राटाची रक्कम विचारली म्हणून कोणाला पक्ष सोडलेला मानत नाहीत हो. तिकीट जाईल ही खरी भीती असते, आणि ती कुठल्या कलमात लिहिलेली नाही. पुढच्या वेळी भेटतील तेव्हा त्यांना फिरोज गांधींचं उदाहरण द्या आणि नेमका एक प्रश्न लेखी द्या.

प्रश्न (लातूरहून): आमच्या घरात दोन तट पडलेत. भाऊ एका पक्षाचा, मी दुसऱ्या. निवडणूक रोखे काढले की तो म्हणतो तुमच्यांनी पण घेतले. बोलणंच बंद झालंय. काय करू?

ताई, हे वाचून वाईट वाटलं, कारण आमच्याकडेही माझ्या मोठ्या काकांशी असंच दोन दिवाळ्या झालं.

रोख्यांचं, म्हणजे देणगीदाराचं नाव बाहेर न येता पक्षाला पैसे द्यायच्या त्या बँकेच्या कागदांचं म्हणाल तर तुमचा भाऊ चुकीचं बोलत नाहीये, बहुतेक मोठ्या पक्षांनी घेतले होते. पण म्हणून प्रश्न संपत नाही, उलट दोघांचा एक होतो. योजना २०१८ ची, सर्वोच्च न्यायालयाने ती १५ फेब्रुवारी २०२४ ला एकमताने घटनाबाह्य ठरवली, आणि मार्चमध्ये स्टेट बँकेला कोणी कोणत्या पक्षाला किती दिले हे उघड करावं लागलं. मधल्या सहा वर्षांत एक अख्खी लोकसभा निवडणूक होऊन गेली, याचं दुःख आहेच. तरी यादी आज सगळ्यांसमोर आहे. भावाला म्हणा, तू माझ्या पक्षाचे देणगीदार शोध, मी तुझ्या पक्षाचे शोधते, आणि त्यातल्या कोणाला त्याच काळात कुठली सरकारी कामं मिळाली ते दोघं मिळून बघू.

काकांशी मी शेवटी असंच केलं. पक्ष बाजूला ठेवला आणि दोघांच्या सहीने आमच्या तालुक्यातल्या एका अर्धवट पुलाबद्दल माहितीचा अधिकार टाकला. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. पहिलं उत्तर गोलमाल आलं, तर अपील काकांनीच लिहून काढलं, माझ्यापेक्षा कडक. मोदी, राहुल, पवार, कोणाचंच नाव निघालं नाही त्या संध्याकाळी. पूल अजून व्हायचाय, पण अपिलाची तारीख लागलीय आणि काका बरोबर यायचं म्हणतायत.