सुरक्षा स्कॅनच्या रिपोर्टने ट्रेस, पुट, डिलीट आणि ऑप्शन्स या एचटीटीपी मेथड (सर्व्हरला करायच्या विनंतीचे प्रकार) धोकादायक ठरवल्यात. अपाची या वेब सर्व्हरवर सगळ्या बंद करू का?

सरसकट नको. तुमचा फ्रंटएंड वेगळ्या डोमेनवर आहे आणि अपाचीच्या मागे टॉमकॅट या जावा सर्व्हरवर रेस्ट एपीआय (फ्रंटएंड ज्याच्याशी डेटाची देवाणघेवाण करतो तो भाग) चालतो, असं तुम्ही लिहिलंय. मग ऑप्शन्स बंद केलीत की ब्राउझरची कॉर्स प्रीफ्लाइट (दुसऱ्या डोमेनला खरी विनंती पाठवण्याआधी ब्राउझर ऑप्शन्सने परवानगी विचारतो ती) अडकेल आणि लोकांना लॉगिनही करता येणार नाही. ती मेथड सर्व्हरवर काहीच बदलत नाही. तिला राहू द्या.

ट्रेस मात्र आजच बंद करा. आलेली विनंती ती हेडरसकट (म्हणजे सोबतच्या कुकीसारख्या माहितीसकट) जशीच्या तशी परत पाठवते. यावरच बेतलेला क्रॉस-साइट ट्रेसिंग हा हल्ला 2003 मध्ये समोर आला. जावास्क्रिप्टपासून लपवलेली एचटीटीपीओन्ली कुकी त्यात वाचता यायची. आताचे ब्राउझर स्क्रिप्टला ट्रेस पाठवू देत नाहीत, तरी ती चालू ठेवण्यासारखं तिच्यात काही नाही. मुख्य कॉन्फिगमध्ये 'ट्रेसइनेबल ऑफ' एवढी एक ओळ पुरते. एचटीअ‍ॅक्सेस या एका फोल्डरपुरत्या सेटिंगच्या फाइलमध्ये ती चालत नाही, आणि 'लिमिट' किंवा 'लिमिटएक्सेप्ट' या मेथड अडवायच्या सूचनांनी ट्रेस अडत नाही. इथेच बरेच जण चकतात.

मला खरी काळजी पुटची, म्हणजे सर्व्हरवर फाइल किंवा डेटा ठेवणाऱ्या मेथडची वाटते. सीव्हीई-2017-12615 या क्रमांकाने नोंदवलेली सुरक्षा त्रुटी आठवा: विंडोजवरच्या टॉमकॅट 7 मध्ये डीफॉल्ट सर्व्हलेटचं (साध्या फाइली देणाऱ्या भागाचं) 'रीडओन्ली' हे सेटिंग कोणी 'फॉल्स' करून ठेवलं असेल, तर बाहेरचा माणूस पुटने जेएसपी फाइल (सर्व्हरवर चालणारा जावा कोड असलेलं पान) चढवून हवा तो कोड चालवू शकत होता. मुळात ते 'ट्रू' असतं, त्यामुळे तुमच्या वेब डॉट एक्सएमएल या टॉमकॅटच्या कॉन्फिग फाइलमध्ये कोणी बदललंय का ते आधी बघा. वेबडॅव (एचटीटीपीवरून सर्व्हरवरच्या फाइली बदलायची सोय) विनाकारण चालू असेल तर तेही काढा.

एपीआयला पुट-डिलीट लागतातच, तर त्या तेवढ्याच पाथवर ठेवा आणि कोणाला काय करता येईल हे अ‍ॅप्लिकेशनमध्ये तपासा. बाकी ठिकाणी 'लिमिटएक्सेप्ट'ने गेट, पोस्ट, ऑप्शन्स सोडून सगळं नाकारा. चालणाऱ्यांची यादी करा, बंद करायच्यांची नको. टॉमकॅटच्या सिक्युरिटी कन्स्ट्रेंटमध्ये (कोणत्या पाथला लॉगिन लागेल ते ठरवणाऱ्या नियमात) फक्त गेट आणि पोस्टची नावं लिहिली, तर तो पहारा त्या दोघींपुरताच राहतो. तोच पाथ हेडने किंवा एखाद्या मनाने रचलेल्या मेथडने मागितला तर लॉगिनशिवाय उघडू शकतो. म्हणून तिथे मेथडची नावंच लिहू नका, म्हणजे कन्स्ट्रेंट सगळ्यांना लागू होतो.

नंतर कर्ल या कमांड लाइनवरून विनंती पाठवायच्या साधनाने प्रत्येक मेथड वेगवेगळ्या पाथवर मारून बघा. बंद केलेल्या मेथडला 405 किंवा 403 हा नकाराचा कोड आला तर ठीक. चालू मेथडची यादी सांगणाऱ्या नुसत्या 'अलाउ' हेडरवर विसंबू नका, प्रत्यक्ष विनंती पाठवा. आणि तुमचं फ्रेमवर्क 'एक्स-एचटीटीपी-मेथड-ओव्हरराइड' हेडर मानतं का तेही तपासा; मानत असेल तर अपाचीला पोस्ट दिसेल आणि आत डिलीट चालेल.