अटॅकनंतर व्हॉल्व्ह ‘लीक’ का होतो?

प्रश्न : बाबांना महिन्यापूर्वी अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. टू-डी इकोच्या रिपोर्टवर ‘मॉडरेट एमआर’ लिहिलंय. व्हॉल्व्हचा त्रास आधी कधीच नव्हता. मग तो एकाएकी खराब कसा झाला? (सातारा)

व्हॉल्व्ह बहुधा खराब झालेलाच नाही. एमआर म्हणजे डावीकडच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेतून रक्त उलटं वरच्या कप्प्यात जाणं. या झडपेचे दोन पडदे बारीक दोऱ्यांनी खालच्या कप्प्यातल्या दोन पॅपिलरी स्नायूंना बांधलेले असतात. अटॅकमध्ये भिंतीचा काही भाग मरतो, पातळ होऊन बाहेर फुगतो आणि पॅपिलरी स्नायूलाही सोबत नेतो. दोऱ्या ताणल्या जातात, पडदे खाली ओढले जातात आणि मधे फट राहते. सुताराला विचारा : दार शाबूत आहे, चौकट सरकली आहे.

हृदयाच्या खालच्या-मागच्या भिंतीला अटॅक आला तर हे जास्त दिसतं. पुढे दुष्टचक्र सुरू होतं. गळतीमुळे कप्प्यावर भार येतो, तो आणखी पसरतो, फट आणखी वाढते.

पडदेही अगदी गप्प बसत नाहीत, बरं का. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत अटॅकनंतर ते जाड आणि ताठर होताना दिसले, आणि रक्तदाबाच्या लोसार्टन या नेहमीच्या गोळीने ते जाड होणं कमी झालं. माणसांत तेवढंच घडेल असं मात्र यावरून म्हणता येत नाही.

प्रश्न : माझ्या मावशीचा व्हॉल्व्ह बदलला होता. आता यजमानांना अटॅकनंतर गळती सांगितली आहे. त्यांचाही बदलून टाकावा का? (नाशिक)

मावशींना लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? रुमॅटिक तापात झडपच जाड होते, चिकटते. तिथे दुखणं झडपेचं, इथे ते स्नायूचं. म्हणून आधी औषधं : कप्प्याचा भार उतरवणाऱ्या, पंपिंग सुधारणाऱ्या गोळ्या. कुठली धमनी अजून तुंबलेली असेल तर ती उघडायची. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा इको. पुष्कळांची गळती तेवढ्यानेच एक पायरी उतरते. पहिल्या आठवड्यातल्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरवायची घाई मला तरी पटत नाही.

ऑपरेशनही सरळ नसतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत गंभीर गळतीच्या रुग्णांपैकी झडप दुरुस्त केलेल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना वर्षभरात पुन्हा मध्यम किंवा जास्त गळती झाली. झडप बदललेल्यांत हे प्रमाण दोन-तीन टक्केच होतं. भिंत फुगतच राहिली तर दुरुस्ती किती दिवस टिकणार? मांडीतल्या शिरेतून जाऊन दोन्ही पडदे क्लिपने जोडण्याच्या दोन चाचण्या 2018 मध्ये आल्या. अमेरिकेतल्या चाचणीत मृत्यू घटले, फ्रान्समधल्या चाचणीत फरक पडला नाही. कप्पा फार पसरलेला नसून गळती मात्र मोठी असेल, तर क्लिपचा उपयोग जास्त, असा या तफावतीचा अर्थ बरेच जण लावतात.

प्रश्न : शेजारचे काका अटॅकमधून सावरत होते. चौथ्या दिवशी अचानक धाप लागली आणि गेले. ‘व्हॉल्व्हचा स्नायू तुटला’ असं कळलं. हे वेगळं काही आहे का? (पणजी)

हो, हा प्रकार फार क्वचित घडतो, पण भयंकर आहे. मागच्या पॅपिलरी स्नायूला बहुतेकांत एकाच धमनीचं रक्त मिळतं, पुढच्याला सहसा दोन धमन्यांचं. म्हणून तुटतो तो बहुधा मागचा, आणि तोही अटॅकनंतरच्या पहिल्या आठवड्यात. फुफ्फुसांत झपाट्याने पाणी भरतं, रक्तदाब कोसळतो. तातडीचं ऑपरेशन हाच इलाज, आणि त्यातही धोका मोठा. वेळेत धमनी उघडण्याची सोय झाल्यापासून हे प्रसंग कमी झाले आहेत.

प्रश्न : अटॅकनंतर गळती आहे, दात काढायचा आहे. अँटिबायोटिक लागेल का? (ठाणे)

केवळ गळतीसाठी नाही. कृत्रिम झडप असेल किंवा झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल तर लागते. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दंतवैद्याला जरूर सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नका.