'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना नेमकं काम सांगा

पलूसच्या ताई, तुमचं सगळं दोनदा वाचलं. मुलगा साडेचार वर्षांचा, धाकटी अडीचची, दोघांनाही ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत शिफ्टवर, थेरपी आठवड्यातून एकदा सांगलीला, आणि सासूबाईंचं 'ह्याचा चुलतापण उशिराच बोलला' रोजचंच. मदत मागायची तरी कोणाकडे, असं तुम्ही विचारलंय. माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे, निदान तिसऱ्या वर्षी झालं. आम्ही सांगलीतच, गावभागात राहतो. मला जे उपयोगी पडलं ते लिहिते.

त्याआधी एक. 'माझंच काही चुकलं का' असं तुम्ही लिहिलंय. नाही चुकलं. मोठ्याला ऑटिझम असला की पाठच्या भावंडाला असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तुम्ही नोकरी केली, गरोदरपणात रडलात, म्हणून हे झालेलं नाही. एके काळी डॉक्टरसुद्धा आईच्या कोरडेपणाला दोष द्यायचे. ते शास्त्राने कधीच टाकून दिलं, घराघरांतून मात्र अजून ऐकावं लागतं.

आता मदतीचं. आमच्या शेजारच्या आजी वर्षभर म्हणायच्या, "काही लागलं तर सांग गं." मी वर्षभर "हो आजी" म्हणत राहिले. मग एकदा तीन रात्री मुलगा झोपला नव्हता, दुपारी कुकरची शिट्टी झाली, तो कान दाबून ओट्याखाली शिरला आणि मीही तिथंच फरशीवर बसून रडायला लागले. आजी दारात उभ्या. तोंडातून निघून गेलं, "आजी, रोज चार वाजता अर्धा तास याच्याजवळ बसाल?"

दुसऱ्या दिवशी त्या भुईमुगाच्या शेंगांची परात घेऊन आल्या. शेंग फोडायची, दाणे परातीत, टरफल स्टीलच्या डब्यात. टरफल डब्यात पडल्याचा बारीक आवाज त्याला आवडला. तो डब्याला कान लावून बसायचा. आठव्या की नवव्या दिवशी त्याने स्वतःहून एक शेंग उचलून आजींच्या हातात ठेवली, फोडून दे म्हणून. तोवर माझ्याशिवाय कोणाकडे त्याने काही मागितलं नव्हतं. मी त्या अर्ध्या तासात झोपायचे. दुसरं काहीच नाही, फक्त झोपायचे.

तेव्हा कळलं की लोकांना मदत करायची असते, पण काय करायचं ते कळत नाही, आणि आपल्या मुलांची त्यांना थोडी भीतीही वाटते. म्हणून काम सांगताना वेळ सांगा, किती मिनिटं ते सांगा, आणि मूल कसं आहे ते कागदावर लिहून द्या. मी आजींना चारच ओळी दिल्या होत्या: एकामागून एक प्रश्न विचारू नका. मागून येऊन धरू नका. हात फडफडवायला लागला तर थांबवू नका, तो खूश आहे. दाराकडे गेला तर कडी बघा.

सासूबाईंच्या बाबतीत माझी चूक सांगते. निदान पटवून देण्यात मी दोन वर्षं घालवली. भांडणं झाली, त्यांना पटलं नाही. मग ते सोडून दिलं आणि त्यांना रात्रीचं तेल लावायचं काम दिलं. पाठीला, पोटऱ्यांना दाबून मालिश. आमच्या मुलाला असा घट्ट दाब आवडतो, त्याने तो शांत व्हायचा. नातू आपल्या हाताखाली झोपतो हे बघून त्या आपोआप आमच्या बाजूच्या झाल्या.

सरकारी कामं लवकर उरका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेचं, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीचं, पथक येतं. अंगणवाडी ताईंकडून तारीख घ्या आणि दोघांनाही दाखवा. तिथून चिठ्ठीवर जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या तपासणी-उपचार केंद्रात, पाठवतात, तिथली तपासणी आणि थेरपी मोफत असते. कान तपासले नसतील तर ते आधी. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन या सरकारी वेबसाइटवर अर्ज करायचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम स्वतंत्र आहे, तेव्हा 'मतिमंद' असं लिहून घेऊ नका. तपासणीत आईवडिलांना बरेच प्रश्न विचारतात. आपल्याला सवयच असते 'करतो की तो' म्हणायची. तसं करू नका, वाईट दिवस कसा जातो तेही सांगा, मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ घेऊन जा. सोबत एक माणूस हवाच, एकाने रांगेत थांबायचं, एकाने मुलांना बाहेर झाडाखाली. लहान वयात प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं देतात, पुन्हा जावं लागतं. ते हातात आलं की राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्यात दोघांची नावं घाला. वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेत त्यात बसतो. शाळेच्या वेळी गटसाधन केंद्रातल्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या केंद्रातल्या, विशेष शिक्षकांना भेटा.

थेरपी आठवड्यातून एकदाच होते म्हणून जीव जाळू नका. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एक अभ्यास झाला होता, २०१६ साली छापून आला. तज्ज्ञ नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी कसं खेळायचं ते शिकवलं. मुलं आपणहून आईवडिलांकडे जास्त वळायला लागली. ते घरी असं करायचं: रोज दहा-पंधरा मिनिटं खाली बसा. तो गाडीचं चाक फिरवतोय ना, तुम्हीही दुसऱ्या गाडीचं चाक फिरवा. बोलायचं कमी, एकच शब्द, 'फिरलं'. मग मनात पाचपर्यंत आकडे मोजत थांबा. माझ्या मुलाने अकराव्या दिवशी चाकावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. ती तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

आणि ऑटिझम बरा करतो म्हणून स्टेम सेलच्या (मूळपेशींच्या) उपचारांच्या नादी कोणी लावलं तर जाऊ नका. आम्हाला एका ठिकाणी लाखांचं पॅकेज सांगितलं होतं, आम्ही दागिने मोडायलाही निघालो होतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ सालीच ऑटिझमसाठी हे उपचार करू नयेत असं म्हटलंय.

२०१९ च्या पुरात आम्ही नणंदेकडे गेलो. ताट वेगळं म्हणून मुलगा दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून एक पिशवी भरलेली असते: त्याचं ताट, त्याची चादर, डबा. तुमचा तालुकाही नदीकाठचाच, पावसाळ्याआधी दोघांची पिशवी भरून ठेवा.

रात्री नको नको ते विचार येतात, असंही तुम्ही लिहिलंय. ते अंगावर काढू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आज मिस्टर घरी असतील तर त्यांनाही हेच वाक्य जसंच्या तसं सांगा. आणि एक अख्खी रात्र त्यांची, एक तुमची, अशी वाटून घ्या. दोघांनी अर्धी अर्धी जागण्यात कोणाचीच झोप होत नाही.

माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मला प्रमाणपत्राच्या रांगेत, बाकावर भेटली. आता आम्ही पाच घरं दर रविवारी सकाळी सातला सांगलीतल्या आमराई बागेत जमतो. तेव्हा गर्दी नसते. मुलं चपला काढून पळतात, कोणी ओरडतं, कोणी नुसतं झाडाभोवती फिरत राहतं, कोणी वळून बघत नाही. थेरपीचा वार बदलून मिळत असेल तर शनिवार घ्या आणि रात्री आमच्याकडे राहा. कोणालाही काही समजावून सांगावं लागणार नाही. फाटकापाशी आमच्यातला एक जण उभा असतोच.