बाबा तपासणीला जायला तयार नाहीत

प्रश्न: आम्ही लंडनजवळ हॅरोला राहतो. सासरे 74 वर्षांचे, मधुमेह जुना. 2020 मध्ये त्यांनी डोळ्यांची तपासणी टाळली, ती टाळलीच. थंडीत कोविड वाढल्याचं कानावर आलं की मिळालेली वेळही रद्द करायला लावतात. आता एका संशोधन प्रकल्पाकडून स्कॅनचं बोलावणं आलंय. आमचे हे म्हणतात, दोन्ही राहू दे. काय करावं?

उत्तर: डोळ्यांची तपासणी राहू देऊ नका. मधुमेहात डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ लागते तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. नजर चांगली आहे म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पडद्याचा फोटो काढावा लागतो, त्यामुळे हे काम फोनवर होत नाही.

बाबांना हट्टी म्हणू नका. एप्रिल 2019 मध्ये इंग्लंडच्या आपत्कालीन विभागांत सुमारे 21 लाख वेळा लोक आले होते, एप्रिल 2020 मध्ये जेमतेम 9 लाख वेळा. हार्ट अटॅक काही साथीपुरते थांबले नव्हते, माणसं घरी बसली होती. आणि सगळ्यांना संसर्गाचीच भीती होती असं नाही. आधीच दमलेल्या डॉक्टरांवर आपला भार नको, असंही अनेकांना वाटत होतं. आपल्या ज्येष्ठांच्या तोंडी तर ‘एवढ्याशासाठी त्यांना कशाला त्रास’ हे कायमच असतं. म्हणून आधी बाबांशी निवांत बोला. संसर्गाची धास्ती आहे, मुलाला रजा घ्यावी लागते याचा संकोच आहे, की इंग्रजीत बोलावं लागेल याची काळजी? त्या काळात सोबतीला आत घेत नव्हते, ते एकटेपण कित्येकांच्या मनातून अजून गेलेलं नाही.

संसर्गाची भीती असेल तर सकाळची पहिली वेळ मागा, मास्क लावून जा. भाषेची अडचण असेल तर वेळ ठरवतानाच मराठी दुभाषी मागा. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, त्याचे पैसे पडत नाहीत. नातवाला दुभाषी करू नका, त्याच्यासमोर बाबा सगळं बोलणार नाहीत. डोळ्यांत थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही, म्हणून कुणीतरी सोबत हवंच.

स्कॅनचं वेगळं. तिथे जाणं पूर्णपणे त्यांच्या मर्जीवर आहे, पण त्याचं मोल मला फार वाटतं. यूके बायोबँक हा लाखो लोकांच्या आरोग्याची माहिती जमवणारा ब्रिटनमधला संशोधन प्रकल्प. त्यातल्या काही लोकांच्या मेंदूचं स्कॅन कोविड येण्याआधीच झालं होतं. साथीच्या काळात त्यांना पुन्हा बोलावलं आणि 785 जणांची दोन्ही स्कॅन अभ्यासकांना मिळाली. त्यांपैकी 401 जणांना मधल्या काळात कोविड होऊन गेला होता. सौम्य आजारानंतरही मेंदूत, विशेषतः वासाशी निगडित भागांत, बदल होतात हे 2022 मध्ये त्यामुळेच मांडता आलं. अशा अभ्यासांत आपली माणसं फार थोडी असतात, आणि मधुमेह तर आपल्याला लवकर गाठतो.

तरी आग्रह नको. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर प्रकल्पाला आधी कळवा. प्रवासखर्च मिळतो का, स्कॅनमध्ये काही आढळलं तर कोण सांगणार, हेही विचारून घ्या. मध्येच माघार घेतली तरी उपचारांवर परिणाम होत नाही, हे बाबांना स्पष्ट सांगा. पत्र त्यांच्या नावे आलंय. ते मराठीत समजावून द्या आणि हो-नाही त्यांनाच ठरवू द्या, मुलाने परस्पर नाही. डोळ्यांसाठी मात्र याच आठवड्यात फोन करा. इतक्या वर्षांत नवं पत्र आलं नसेल तर बाबांचं नाव डोळ्यांच्या तपासणीच्या यादीत आहे ना, हे जीपीकडे (तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे) विचारा.