तिकीट आधी की व्हिसा आधी?

स्वतः आखलेल्या प्रवासाच्या विमान-तिकिटांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. तिकीट कधी काढले असता सर्वांत स्वस्त पडेल, असा बहुतेकांचा सूर आहे. मला मात्र प्रत्येक पत्र वाचताना आधी दुसरेच विचारावेसे वाटते : या प्रवासातली कोणती गोष्ट आता हलणार नाही आणि कोणती अजून हलू शकते?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. मेच्या उत्तरार्धात इटली आणि फ्रान्स असा अठरा दिवसांचा प्रवास आम्हीच आखला आहे. शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांसाठी चालणारा सामाईक व्हिसा) अजून काढलेला नाही, पण आज दिसणारे भाडे परवडणारे आहे. तिकीट घेऊन टाकावे का? (नाशिक)

उत्तर : शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयासाठी साधारणतः १५ दिवस लागतात आणि अधिक छाननी झाल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. मात्र खरी कसोटी या १५ दिवसांची नसून अर्ज देण्यासाठी अपॉइंटमेंट मिळण्याची असते, कारण उन्हाळी सुट्टी जवळ आली की एकाच वेळी सगळेच रांगेत येतात. म्हणून आजच्या आज अपॉइंटमेंट घ्या. ज्या देशात अधिक रात्री राहणार असाल त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो, त्यामुळे इटलीच्या आणि फ्रान्सच्या रात्री मोजल्याशिवाय हे कामही पुढे सरकणार नाही.

अर्जासोबत जाण्या-येण्याचे आरक्षण दाखवावे लागते, परंतु आरक्षण म्हणजे पूर्ण पैसे भरलेले तिकीट नव्हे. व्हिसा हाती येण्यापूर्वी परतावा न मिळणारे तिकीट घेऊ नका, असा सल्ला अनेक दूतावास स्वतःच देतात. याचा गैरफायदा घेऊन थोड्या पैशांत बनावट आरक्षण छापून देणारेही बाजारात आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका, कारण खोटा कागद सापडला तर हा अर्ज तर जातोच, शिवाय पुढच्या अर्जांवरही त्याची सावली पडते.

आता हिशेब पाहू. समजा, परतावा नसलेले तिकीट माणशी ६२,००० रुपयांना आणि किरकोळ शुल्कात रद्द होणारे तिकीट ६९,००० रुपयांना मिळते. दोघांचे मिळून १४,००० रुपये जास्त जातात, पण व्हिसा नाकारला गेला तर पणाला लागलेली रक्कम १,२४,००० रुपयांची आहे. कर तरी परत मिळतील, या भरवशावर राहू नका. ते मिळतात हे खरे, मात्र तिकिटातल्या ‘करां’च्या रकान्यात बरेचदा मोठा आकडा इंधन अधिभाराचा असतो आणि तो कर नव्हे. तुम्हा दोघांना यापूर्वी शेंगेन व्हिसा मिळालेला असेल व कागदपत्रे चोख असतील, तर रद्द करता येणारे तिकीट आजच घ्यावे. पहिलाच अर्ज असेल तर मी व्हिसासाठी थांबेन आणि भाडे चार-पाच हजारांनी वाढले तरी वाईट वाटून घेणार नाही.

आणखी एक सुचवतो. रोमला उतरून पॅरिसहून परत निघा. संकेतस्थळावरील ‘मल्टि-सिटी’ या पर्यायात दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर बसतात, पुष्कळदा भाडे फारसे वाढत नाही आणि केवळ परतीच्या विमानासाठी रोमला माघारी जाण्याचा एक दिवस वाचतो.

प्रश्न : मंगळवारी मध्यरात्री तिकिटे स्वस्त असतात आणि एकच मार्ग वारंवार शोधला की भाव वाढवतात, हे खरे आहे का? (ठाणे)

उत्तर : दोन्हींवर विसंबू नये. इकॉनॉमीच्या आसनांची कंपनीच्या संगणकात अनेक भाडे-वर्गांत विभागणी केलेली असते. स्वस्त वर्गातली मोजकी आसने संपली की तुम्हाला वरच्या वर्गाचे भाडे दिसू लागते. सकाळी पाहिलेला भाव संध्याकाळी चढलेला दिसतो, तो बहुधा यामुळे. यातून एक उपयोगी युक्ती निघते. चौघांसाठी एकदम शोध घेतला आणि स्वस्त वर्गात दोनच आसने उरलेली असली, तर संगणक सहसा चौघांनाही वरचे भाडे लावतो. म्हणून आधी एकासाठी, मग चौघांसाठी शोधून पाहावे. फरक मोठा असेल तर दोन-दोन तिकिटे वेगळी काढावीत, मात्र विमान रद्द झाल्यास कंपनीच्या लेखी तुम्ही एक कुटुंब राहत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तिकीट कोणत्या वारी काढले यापेक्षा प्रवास कोणत्या वारी आहे, याने जास्त फरक पडतो. शेवटच्या आठवड्यात भाव कोसळण्याची वाट गणपतीच्या तोंडावर गोव्यातल्या मोपा विमानतळाचे तिकीट शोधणाऱ्याने तर मुळीच पाहू नये.

प्रश्न : जूनमध्ये लेहला जायचे आहे. पुणे–दिल्ली आणि दिल्ली–लेह अशी दोन कंपन्यांची वेगळी तिकिटे काढली तर स्वस्त पडते. काढावीत का? (पुणे)

उत्तर : लेहची बहुतेक विमाने सकाळची असतात, कारण दुपारनंतर त्या खोऱ्यात वारा वाढतो. हवामान बिघडले तर विमान रद्द होते आणि दिवसाची संधी संपते. अशा वेळी कंपनी परतावा किंवा पुढचे विमान देते, मात्र दुसऱ्या कंपनीच्या हुकलेल्या तिकिटाशी तिचा काही संबंध नसतो. पुण्याचे विमान उशिरा दिल्लीला पोहोचले, तर लेहच्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत. मी स्वतः अशाच दोन स्वस्त तिकिटांच्या नादात दिल्ली विमानतळावरील खुर्चीत एक रात्र काढली आणि सकाळी नवे तिकीट घेतले. वाचवलेले पैसे तिथेच संपले.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण-क्रमांकावर, मिळत असतील तर थोडे जास्त देऊन ते घ्यावेत. ते शक्य नसेल तर जाताना दिल्लीत मुक्काम करावा. परतीच्या दुसऱ्याच दिवशी कार्यालयात हजर राहणे भाग असेल, तर परतीचा प्रवास एक दिवस अलीकडे आणावा. रजा मंजूर होताच, म्हणजे शक्यतो दोन-तीन महिने आधी, तिकीट काढावे. लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस विश्रांतीचे धरूनच परतीची तारीख ठरवा.

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जायचे आहे. तारीख सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे आणि व्हिसा आहे. परतीचे तिकीट आताच काढावे की तिथून? (कोल्हापूर)

उत्तर : जाण्या-येण्याचे एकत्र काढावे. लांब पल्ल्याच्या पूर्ण-सेवा कंपन्यांकडे दोन एकेरी तिकिटे बहुधा महाग पडतात. बाळ दिलेल्या तारखेची वाट पाहतेच असे नाही, म्हणून तीन आठवडे आधी पोहोचणे बरे. मात्र ऑगस्टच्या मध्यास अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची गर्दी असते, त्यामुळे जाण्याची तारीख नक्की झाल्यावर तिकिटाला विलंब लावू नका. परतीला गर्दीची दिशा उलटते. नाताळच्या सुट्टीत तिकडची आपली माणसे भारतात येतात, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत परत निघावे.

परतीची तारीख बदलता येईल असेच तिकीट घ्या, पण ‘बदलास शुल्क नाही’ या शब्दांवर जाऊ नका. शुल्क नसले तरी नव्या दिवसाच्या भाड्यातील फरक भरावाच लागतो. अमेरिकेत किती दिवस राहता येईल हे व्हिसावरील तारखेवरून ठरत नाही. ते प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवतात आणि आय-९४ नोंदीत लिहितात. परतीची कोणतीही बदललेली तारीख त्या मर्यादेच्या आतच हवी.

प्रश्न : तिकीट घेतल्यावर दुसऱ्या दिवशी भाडे चार हजारांनी उतरले. काही करता येते का? आणि पुढेही रोज भाव पाहत राहावे का? (डोंबिवली)

उत्तर : विमानकंपनीच्या संकेतस्थळावरून थेट तिकीट घेतले असेल आणि प्रवासाला पुरेसे दिवस बाकी असतील, तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमानुसार बुकिंगनंतर किमान २४ तास ते विनाशुल्क रद्द करता येते. मुदत उलटली नसेल तर आधी नव्या भाड्याचे आसन खरोखर उपलब्ध आहे याची खात्री करा आणि मगच जुने रद्द करा. मुदत संपली असेल तर भाव पाहणे सोडून द्यावे.

वेळापत्रक मात्र पाहत राहावे. विमानांची वेळापत्रके मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे आठ-दहा महिने आधी घेतलेल्या तिकिटाची वेळ सरकणे नवलाचे नाही. बदल मोठा असेल तर दुसरे विमान किंवा परतावा मागता येतो. त्याची सूचना बुकिंगमध्ये दिलेल्या ई-मेलवर आणि मोबाइलवर येते. तिकीट एजंटाकडून घेतले असेल, तर त्या ठिकाणी त्याचा नव्हे, तुमचा क्रमांक नोंदवलेला आहे ना, हे आजच तपासा.