मेडिकल, लॉ, बीएड, समाजकार्य अशा सगळ्यांनी मिळून मजुरांच्या मुलांसाठी काम कसं सुरू करावं?

तुम्ही नाशिकमध्ये एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) करताय आणि बाकी कॉलेजच्या मुलांना सोबत घेऊन द्राक्षबागेतल्या मजुरांच्या पोरांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू असं विचारलंय. मी फील्डवर्कला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचं काम बघते त्यामुळे सांगते, मीटिंगपासून नको, एका घरापासून करा.

दिंडोरीकडे सीझनला सुरगाणा-पेठहून कुटुंबं येतात, विरळणीपासून (घडातले जादा मणी काढायच्या कामापासून) माल निघेपर्यंत बागेतच राहतात. तिथली एक नऊ वर्षांची मुलगी शाळेत येईना. गुरुजी म्हणाले आईबापाला पडलेलीच नाही, लॉचा मुलगा म्हणाला बालमजुरी असणार, तक्रार करू, आणि आम्ही आपापला फॉर्म घेऊन वेगवेगळ्या दिवशी त्या घरी गेलो. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "किती वेळा तेच सांगू बाई, माझा खाडा पडतो." मला फार लागलं ते.

मग काम सुटल्यावर संध्याकाळी सगळे एकदमच गेलो. मेडिकलच्या मुलीने धाकट्या भावाच्या दंडाला टेप लावली तर घेर ११.५ सेंमीच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषण, आणि बोलता बोलता कळलं की ही पोरगी दिवसभर त्यालाच सांभाळते म्हणून शाळा सुटलीय. भावावर उपचार झाले, तो अंगणवाडीत जायला लागला, मग ही मोकळी झाली. पण दाखला गावीच राहिलेला. तिथे लॉचा मुलगा कामी आला, शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयानुसार वर्गात बसवावं लागतं, हे त्याने मुख्याध्यापकांना कलम काढून दाखवलं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ठरवा, कुणाची माहिती कुणाकडे राहणार. मुलांचे नाव-फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजिबात नको. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला देऊ नका, कारण लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं. १०९८, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन, सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह हवा.

आणि हो, कुटुंब परत जायच्या आधी त्यांच्या गावच्या आशाताईंचा आणि शाळेचा नंबर घ्या. आम्ही पहिल्या वर्षी घेतला नव्हता, माल निघाला, झोपड्या उठल्या आणि तीन मुलांचा पत्ताच लागला नाही.