नवी गॅस पाइपलाइन टाकावी का?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

ऊर्जा नियोजनाच्या कामाला लागलास आणि पहिल्याच पत्रात अवघड प्रश्न विचारलास: देशाने नैसर्गिक वायूच्या पाइपलाइन टाकत राहावं का? माझं मत आधीच सांगतो. वीज बनवण्यासाठी आणि घरं उबदार ठेवण्यासाठी लांब पल्ल्याच्या नव्या लाइन आता टाकू नयेत. ज्या आहेत त्या जिवापाड सांभाळाव्यात. ज्या उद्योगांना आज दुसरा मार्गच नाही, त्यांच्यापुरती जोडणी द्यावी. पण माझं मत तसंच उचलू नकोस. उद्या फाइलवर सही तुझी असेल, तेव्हा त्यामागचा हिशेब तुला स्वतःला पटलेला हवा.

गॅसच्या बाजूने जे खरं आहे, ते मान्य करून सुरुवात कर. वीजनिर्मितीत कोळशाच्या तुलनेत गॅस जाळल्यावर साधारण निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो. राख नाही, गंधकाचा धूर जवळपास नाही. कोळशाच्या धुरात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र हा निम्म्याचा हिशेब चिमणीपाशी केलेला असतो. विहिरीपासून चिमणीपर्यंतच्या वाटेवर, गॅसला दाब देणाऱ्या कॉम्प्रेसर स्टेशनात, व्हॉल्व्हच्या फटींतून आणि दुरुस्तीआधी लाइन रिकामी करताना, मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक, थेट हवेत जातो. तो वातावरणात साधारण १२ वर्षंच टिकतो. पण २० वर्षांचा काळ धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता अडवतो. एकूण गळती उत्पादनाच्या साधारण ३ टक्क्यांपुढे गेली, की कोळसा सोडून गॅसकडे वळण्याचा हवामानाला होणारा नजीकचा फायदा पुसला जातो. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही गळती २.३ टक्के निघाली, म्हणजे सरकारी अंदाजापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त. म्हणून प्रस्तावात गळतीचा आकडा दिसला की तो प्रत्यक्ष मोजलेला आहे की कोष्टकातून गुणाकार करून काढलेला आहे, हे आधी विचार.

तरीही गळती हे काही नव्या लाइनविरुद्धचं माझं मुख्य कारण नाही. मेहनत घेतली, मोजमाप चोख ठेवलं, तर ती पुष्कळ कमी करता येते. वर्षं मात्र कमी करता येत नाहीत.

पोलादाची पाइपलाइन ४०-५० वर्षं सहज चालते. खर्चाचा मोठा भाग सुरुवातीलाच जमिनीत गाडला जातो. पुढे चालवणं स्वस्त असतं, त्यामुळे ती बंद करायला कुणीच राजी नसतं. कर्ज देणारे आधी दीर्घ मुदतीचे करार मागतात: गॅस घ्या, नाही घेतला तरी पैसे भरा. आज शाळेत असलेल्या मुलांचं बिल आपण अशा कागदावर आजच ठरवून टाकतो.

नेदरलँड्सचं उदाहरण बारकाईने अभ्यास. १९५९ साली तिथे ग्रोनिंगेनचं प्रचंड गॅसक्षेत्र सापडलं. १९६० च्या दशकात जवळजवळ सारा देश त्या गॅसला जोडला गेला. कोळशाच्या खाणी बंद करण्याचा निर्णय १९६५ साली जाहीर झाला आणि १९७४ मध्ये शेवटची खाण मिटली. त्या काळाच्या मानाने हा निर्णय शहाणपणाचाच होता. पण गॅस उपसल्यामुळे जमीन हादरू लागली. २०१२ साली हुइझिंगे इथे ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, घरांना तडे गेले, आणि अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबलं. त्याआधीच, २०१८ पासून, नव्या घरांना गॅसची जोडणी देणं सर्वसाधारणपणे बंद झालं होतं. रस्त्यारस्त्याखालचं जाळं मात्र होतं तसंच आहे, आणि खरा अवघड भाग तिथून सुरू होतो. जाळ्याचा देखभालखर्च ग्राहक घटले म्हणून घटत नाही. ज्यांच्या हातात पैसा आहे ते विजेवरचा हीट पंप (बाहेरची उष्णता घरात आणणारं यंत्र) बसवून आधी बाहेर पडतात. मागे राहतात भाडेकरू, म्हातारी माणसं, तुटपुंज्या मिळकतीची कुटुंबं. सगळा खर्च त्यांच्यात वाटला जातो, दर वाढतो, आणि दर वाढला म्हणून आणखी काही जण निघून जातात. ही गोष्ट मला सर्वांत जास्त छळते. कुठल्याही देशात नवी लाइन टाकताना तिचे शेवटचे ग्राहक कोण असतील, याचा तक्ता प्रस्तावात असायलाच हवा. मी पाहिलेल्या प्रस्तावांत तो क्वचितच असतो.

ऊर्जासुरक्षेचा मुद्दाही तुझ्यासमोर येईल. त्यावर नॉर्ड स्ट्रीमचा इतिहास ठेव. बाल्टिक समुद्राखालून रशिया ते जर्मनी १,२२४ किलोमीटर, २०११ साली सुरू झालेली, वर्षाला ५५ अब्ज घनमीटर क्षमतेची, दोन समांतर नळांची जोडलाइन. तेवढ्याच क्षमतेची दुसरी जोडलाइन २०२१ मध्ये बांधून पूर्ण झाली, पण तिच्यातून व्यापारी गॅस एक दिवसही वाहिला नाही. २०२२ च्या युद्धात पहिलीचाही पुरवठा आटला आणि सप्टेंबरात झालेल्या स्फोटांत चारांपैकी तीन नळ फुटले. पाइपलाइन एका विकणाऱ्याला एका घेणाऱ्याशी बांधते. द्रवरूप गॅस नेणारं जहाज निदान दुसऱ्या बंदराकडे वळवता येतं. अर्थात उणे १६२ अंशांपर्यंत गॅस थंड करायला बरीच ऊर्जा जाते, त्यामुळे जहाजालाही मी स्वच्छ उत्तर मानत नाही.

‘उद्या याच लाइनमधून हायड्रोजन नेऊ’ हे वाक्य तर तू रोज ऐकशील. हायड्रोजनने काही प्रकारचं पोलाद ठिसूळ होतं. त्याचा २० टक्के भाग गॅसमध्ये मिसळला तरी कार्बन जेमतेम ७ टक्क्यांनी घटतो, कारण तेवढ्याच आकारमानात त्याची ऊर्जा सुमारे एक तृतीयांश असते. पोलादाची प्रत, कॉम्प्रेसर बदलण्याचा खर्च आणि हायड्रोजन कोण बनवणार, हे तिन्ही लेखी नसेल तर तो मुद्दा हिशेबात धरू नकोस.

खतांचं प्रकरण वेगळं. खत बनवायला अमोनिया लागतो, अमोनियाला हायड्रोजन लागतो आणि आज तो बहुतांशी नैसर्गिक वायूपासूनच येतो. तिथे हटवादीपणा केला तर झळ अन्नाला पोचेल. जिथे अजून लाकूड जाळून चूल पेटते, तिथेही मी परक्या देशाचा धडा वाचून दाखवणार नाही. फक्त विजेचा आणि सिलिंडरचा पर्याय शेजारी ठेवून तुलना करायला सांगेन.

आणि जुन्या लाइनकडे दुर्लक्ष होऊ देऊ नकोस. कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोमध्ये ९ सप्टेंबर २०१० रोजी १९५६ साली टाकलेली लाइन फुटली, आठ माणसं गेली. नोंदींत तो नळ बिनसांध्याचा दाखवला होता. प्रत्यक्षात त्याला वेल्डिंगचा सदोष सांधा होता. नव्या लाइनचा वाचलेला पैसा आधी अशा नोंदी खऱ्या करण्यात, तपासणीत आणि गळती बुजवण्यात जायला हवा.

तुझ्या टेबलावरच्या प्रस्तावाबद्दल: १५-२० वर्षांत गुंतवणूक वसूल होत नसेल तर शिफारस करू नकोस. होत असेल, तर लाइन बंद करण्याचा खर्च पहिल्या वर्षापासून दरात धरायला लाव. मागणीचा तक्ता मला पाठव. शेवटची दहा वर्षं कोणत्या ग्राहकांच्या भरवशावर धरली आहेत, ते आपण ओळीने तपासू.

कळावे,
तुझा शुभचिंतक